सायकलला गाडीची धडक: जागेवर मिटवावं, विमा कंपनीशी बोलावं की क्लेम टाकावा?

चौतीस वर्षांचा एक सुतार समजा. सकाळी आठच्या सुमाराला सायकलवरून कामावर निघालाय, मागे हत्यारांची पिशवी. एक गाडी त्याला ओलांडून पुढे जाते आणि लगेच डावीकडच्या गल्लीत वळते. सायकल गाडीच्या डाव्या बाजूवर आदळते आणि सुतार उजव्या हातावर पडतो. ड्रायव्हर खाली उतरतो. पहिलं वाक्य, "लागलं नाही ना?" दुसरं वाक्य, "पण तूच डावीकडून घुसलास." पाच मिनिटांत पन्नास माणसं जमतात, त्यातली चाळीस न्यायाधीश असतात. शेवटी दोन हजार रुपये पुढे येतात. मनगट जरा दुखतंय, चाक वाकलंय, कामाला उशीर होतोय. घ्यावेत का?

आपल्याकडचे असे बहुतेक वाद इथेच संपतात, आणि माझ्या मते इथेच बिघडतात. कारण त्या क्षणी भांडण चालू असतं "चूक कोणाची" यावर, आणि ठरवायचं असतं भलतंच काही. या सुताराला मागे ठेवून एकेक पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहू. सगळं भारतीय कायद्याच्या चौकटीत, म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८ आणि त्यात २०१९ साली झालेले बदल. भरपाईशी संबंधित बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यामुळे एखाद्या काकांच्या जुन्या केसचा अनुभव ऐकताना तारीख आधी विचारावी.

वाद नेमका कशाचा आहे?

धडकेनंतर तीन वेगवेगळे वाद एकाच आरडाओरड्यात मिसळतात. घडलं काय, हा पहिला. चूक कोणाची आणि किती, हा दुसरा. नुकसान किती रुपयांचं, हा तिसरा. पर्याय निवडताना हे वेगळे काढले की निम्मं काम होतं. घटना दोघांनाही मान्य असेल आणि फक्त रकमेवर अडलं असेल, तर बोलून मिटतं. घटनाच मान्य नसेल तर कागद लागतो, आणि कागद म्हणजे पोलीस. चुकीवर अडलं असेल तर कायद्यात एक असा रस्ता आहे जिथे चूक सिद्धच करावी लागत नाही. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून ते उगाच "माझी थोडी चूक होतीच" म्हणत गप्प बसतात.

जागेवर मिटवणं आणि पोलिसांत नोंद करणं

जागेवर मिटवण्याचे फायदे खरे आहेत. वेळ वाचतो, पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागत नाही, पैसे हातात पडतात. नुसती सायकल खराब झाली असेल, अंगाला खरचटण्यापलीकडे काही नसेल आणि समोरचा चूक कबूल करत असेल, तर मीही मिटवीन. चाक, फोर्क, ब्रेकचं काम किती येईल ते सायकलवाल्याला फोनवर विचारावं, तेवढे ऑनलाइन घ्यावेत म्हणजे नोंद राहते, आणि आपल्या वाटेला लागावं.

अडचण शरीराची आहे. सुताराच्या मनगटात अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. हात टेकून पडलं की ते मोडू शकतं, आणि पहिल्या एक्स-रेत ते मोडलेलं अनेकदा दिसतच नाही. म्हणून दुखणं त्या जागी असेल तर डॉक्टर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. डोक्याला मार लागला तर लक्षणं कधी कधी काही तासांनी येतात. म्हणजे रस्त्यावर उभं राहून आपण ज्या दुखापतीची किंमत ठरवतो, ती दुखापत आपल्याला अजून माहीतच नसते. त्यात समोरच्याने एखाद्या कागदावर "माझी काही तक्रार नाही, पूर्ण भरपाई मिळाली" असं लिहून सही घेतली, तर पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद पहिल्यांदा बाहेर काढतो. पैसे घ्यायचेच असतील तर "सायकल दुरुस्तीसाठी" एवढंच लिहावं. दुखापतीबद्दल एक अक्षर नको.

नोंद करण्याचा तोटा सगळ्यांना माहीत आहे: वेळ जातो, आणि "कशाला लफडं" असं म्हणणारे नातेवाईक घरातच असतात. पण आता त्या नोंदीतून काय काय सुरू होतं ते पाहा. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं खास कोर्ट) आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हा अहवालच न्यायाधिकरण भरपाईचा अर्ज म्हणून धरू शकतं. प्रत्यक्षात प्रत्येक पोलीस स्टेशनात हे घड्याळ असं चालत नाही, पाठपुरावा करावा लागतो. पण पाठपुरावा करायला आधी नोंद लागते.

दुसरं म्हणजे दवाखान्याचं बिल. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ मध्ये कॅशलेस उपचारांची केंद्रीय योजना अधिसूचित झाली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त दीड लाख रुपयांपर्यंत. "आत्ता बिल कोण भरणार" या धास्तीनेच माणूस दोन हजारांवर सही करतो. ती धास्ती थोडी कमी झाली की घाईही कमी होते.

आणि पोलीस केस केली म्हणजे कोर्टात भरपाईचा दावा लागला असं नाही. हे दोन वेगळे रूळ आहेत. फौजदारी रूळावर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणं) आणि दुखापत झाली असेल तर कलम १२५ येतं. भरपाईचा रूळ न्यायाधिकरणात जातो. ड्रायव्हर फौजदारीतून सुटला म्हणून भरपाई बुडत नाही, कारण तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो आणि इथे "बहुधा असंच घडलं असावं" एवढं पुरतं. उलट बाजूने, एकदा गुन्हा नोंदला गेला की "आम्ही आपसांत मिटवलं" म्हणून २८१ आपोआप निकालात निघत नाही. त्यासाठी वरच्या कोर्टात जावं लागतं. गाडीवाले सुरुवातीलाच इतके गोड का बोलतात, त्याचं हेही एक कारण.

माझा कौल सांगतो. हाड, डोकं, दात किंवा पाठ यांपैकी कशालाही मार लागल्याची शंका असेल तर नोंद करावीच. पैशांचं बोलणं नंतरही होतं.

केसपेपरवरची एक ओळ

इथे थोडं थांबतो, कारण अनेक चांगले दावे इथे मरतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. जखमी माणूस कॅज्युअल्टीत पोचतो. डॉक्टर विचारतात, काय झालं? तो म्हणतो, "सायकलवरून पडलो." खरंच आहे, पडलाच. डॉक्टर तसंच लिहितात. तीन महिन्यांनी विमा कंपनी म्हणते, हा आपला आपण पडला, आमच्या गाडीचा संबंध काय? एफआयआर चार दिवस उशिरा झाली असेल तर या ओळीचं वजन आणखी वाढतं. म्हणून पहिल्याच तपासणीत स्पष्ट सांगावं: अमुक नंबरच्या गाडीने धडक दिली, अमुक ठिकाणी, इतक्या वाजता. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद, करायला सांगावं. सोबत आलेल्या माणसानेही हेच सांगावं. सोबतचा बहुधा घाबरलेला असतो आणि "गाडीला धडकला" असं म्हणून मोकळा होतो.

घटनेचा वाद मुळात अशाच छोट्या गोष्टींवर सुटतो. आपल्या सुताराचं म्हणणं, गाडी ओलांडून वळली. ड्रायव्हरचं म्हणणं, सायकल मागून घुसली. आता गाडी पाहा. ओरखडा डाव्या पुढच्या दारावर किंवा पुढच्या चाकाच्या वर असेल, तर वळताना सायकल गाडीच्या बरोबरीला होती, म्हणजे ड्रायव्हरला ती दिसायला हवी होती. ओरखडा मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर असेल तर ड्रायव्हरच्या बोलण्यात थोडा दम आहे. सायकलचं मागचं चाक वाकलं असेल तर धक्का मागून बसलाय, त्यावर फार वाद घालता येत नाही. म्हणून सायकल बाजूला घेण्याआधी चार फोटो काढावेत: नंबर प्लेट दिसेल असा एक, ओरखड्याचा एक, सायकल पडलेल्या जागेचा एक, आणि लांबून सगळा चौक दिसेल असा एक. सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नये. स्थळ पंचनाम्यात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचावं. समोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, त्यासाठी लेखी विनंती त्याच दिवशी करावी आणि पोलिसांनाही सांगून ठेवावं.

विमा कंपनीशी थेट, कलम १६४, की कलम १६६?

गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा विमा, कायद्याने सक्तीचा आहे, आणि सायकलस्वार हा चोख थर्ड पार्टी. म्हणजे पैसे बहुधा ड्रायव्हरच्या खिशातून जायचे नसतात. हे दोघांनाही कळलं तर रस्त्यावरची निम्मी भांडणं होणार नाहीत. विमा चालू आहे का, हे गाडीच्या नंबरावरून सरकारी परिवहन ॲपवर पाहता येतं.

नव्या कायद्यात विमा कंपनीने दावे मिटवायला अधिकारी नेमायचा आहे, आणि ३० दिवसांत त्याने जखमीपुढे प्रस्ताव ठेवायचा आहे. प्रस्ताव आला की खरा प्रश्न समोर येतो: कलम १६४ खाली ठरलेली रक्कम घ्यायची, की कलम १६६ खाली चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायची?

१६४ मध्ये रक्कम ठरलेली आहे. मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख. चूक कोणाची हे सांगायचीही गरज नाही, सिद्ध करणं तर दूरच. याच्या आधी असलेल्या कलम १६३-अ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं होतं की जखमीचीच चूक होती हा बचाव विमा कंपनीला घेता येत नाही. १६४ चा रोखही तोच आहे. "गंभीर दुखापत" म्हणजे हातपाय तुटायलाच हवेत असं नाही. हाड मोडणं किंवा निखळणं त्यात येतं, दात मोडणंही येतं, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना राहणं किंवा रोजची कामं करता न येणं हेही. खरचटणं आणि मुका मार मात्र यात बसत नाही. त्यासाठी १६६ किंवा आपसांतली तडजोड.

१६६ मध्ये रकमेला वरची मर्यादा नाही, पण चूक सिद्ध करावी लागते आणि वेळ लागतो. किती वेळ? वर्षांत मोजायची तयारी ठेवावी. अर्ज केल्यापासूनचं व्याज न्यायाधिकरण देऊ शकतं, साधारण ६ ते ९ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे थांबणं अगदीच फुकट जात नाही. अर्ज अपघात झाला तिथे, आपण राहतो किंवा काम करतो तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही करता येतो. परगावी धडक बसलेल्या माणसाला ही मोठी सोय आहे.

आणि या दोघांच्या मध्ये एक दार आहे, जे एकाच बाजूने उघडतं. विमा कंपनीच्या या प्रक्रियेत १६४ ची रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो. "आधी अडीच लाख घेऊ, मग बाकीचं भांडू" हे चालत नाही. म्हणून हिशेब सही करण्याआधी करायचा.

करून पाहू. सुताराची कमाई महिना २०,००० धरू, म्हणजे वर्षाला २,४०,०००. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के मिळवायचे (सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात ठरवलेला दर). झाले ३,३६,०००. मनगटात कायमचा कडकपणा राहिला आणि त्यामुळे कमावण्याची ताकद १० टक्क्यांनी घटली असं धरलं, तर वर्षाला ३३,६०० चं नुकसान. वय ३१ ते ३५ असेल तर २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे गुणक (वर्षाचं नुकसान ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) १६. गुणाकार ५,३७,६००. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना, ये-जा, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च हे सगळं याच्या वर.

आता विमा कंपनीने "सायकलवालाही चुकला" हे पटवून दिलं आणि न्यायाधिकरणाने ३० टक्के चूक त्याच्या पदरात टाकली, तर ५,३७,६०० चे ३,७६,३२० होतात. अगदी निम्मी चूक धरली तरी २,६८,८००. तरीही अडीच लाखांपेक्षा जास्त, आणि इतर खर्च वेगळे, अर्थात त्यांनाही तीच कात्री लागून. म्हणजे कायमचं अपंगत्व उरलं असेल तर आपली थोडी चूक असूनही १६६ परवडतं.

उलटं चित्र घ्या. हाड मोडलं पण तीन महिन्यांत नीट जुळलं, मनगट पूर्वीसारखं चालतंय. खर्च ७०,०००, तीन महिन्यांची मजुरी ६०,०००, वेदना वगैरेपोटी ५०,००० धरले तर एकूण १,८०,०००. त्यातून ३० टक्के गेले की उरले १,२६,०००, तेही काही वर्षांनी. इथे १६४ चे अडीच लाख डोळे मिटून घ्यावेत. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण दिशा बहुतेक वेळा हीच निघते: पूर्ण बरा झालेला फ्रॅक्चर असेल तर १६४, काही कायमचं उरलं असेल तर १६६. कमाई फार कमी आणि अपंगत्व दोन-तीन टक्के असेल तर मात्र पुन्हा हिशेब मांडावा.

एक बारीक गोष्ट, जी कारागिरांना फार महत्त्वाची आहे. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडून सांगितलं आहे. उजव्या मनगटाचा तोच कडकपणा कारकुनाला जितका नडतो त्याच्या दुप्पट-तिप्पट रंधा मारणाऱ्याला नडतो. म्हणून न्यायाधिकरणापुढे डॉक्टरांची साक्ष आणि कामाचं स्वरूप सांगणारा पुरावा लागतो. पगारपत्रक नसेल तर ग्राहकांनी ऑनलाइन दिलेल्या पैशांच्या नोंदी, कामाची वही, ऑर्डरचे मेसेज, काहीही चालतं. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने कमाई धरतं, आणि तो अंदाज सहसा आपल्याला आवडत नाही.

मेडिक्लेमचे पैसे मिळाले असतील तर ते भरपाईतून वजा होतात का, हा नेहमीचा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२५ मध्ये उत्तर दिलं आहे: वजा होत नाहीत. हप्ते तुम्ही भरलेत, फायदा धडक देणाऱ्याला कशाला?

मुदतीचं विसरू नये. १६६ चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा, असं आताचा कायदा म्हणतो. या अटीला कोर्टात आव्हान दिलं गेलंय, पण आपली केस घेऊन त्या लढाईत उतरायची हौस कशाला? पाचव्या महिन्याच्या आत अर्ज आत गेलेला बरा. हाड जुळायला वेळ लागतोय म्हणून थांबायची गरज नाही, अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो.

"हेल्मेट नव्हतं, लाइट नव्हता, उलट्या बाजूने येत होता"

चुकीच्या वादात विमा कंपनीची ही नेहमीची तीन वाक्यं. वकिलांच्या भाषेत कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स, म्हणजे अपघातात जखमीचाही चुकीचा वाटा. तिन्हींचं वजन सारखं नाही.

हेल्मेटचं सर्वात हलकं. मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटची सक्ती मोटारसायकलला आहे, सायकलला नाही. आणि मोडलंय मनगट, तर डोक्यावर काय होतं याचा संबंध काय? हा नुसता युक्तिवाद नाही. मोटारसायकलवर तिघं बसल्याबद्दल उच्च न्यायालयाने १० टक्के कापले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद सिद्दीक प्रकरणात २०२० साली परत दिले. म्हणणं एवढंच: नियम मोडला हे पुरेसं नाही, त्या नियमभंगामुळे अपघात झाला किंवा दुखापत वाढली हे दाखवा.

लाइटचं वजन वेळेवर आहे. सकाळी आठ वाजता शून्य, रात्री बिनदिव्याच्या रस्त्यावर बरंच. आणि उलट्या बाजूने येणं हे तिघांत भारी, कारण तिथे कारण आणि परिणाम सरळ जुळतात. तुम्ही खरंच उलट्या बाजूने येत असाल, हाड मोडलं असेल आणि मोठं अपंगत्व नसेल, तर चुकीच्या वादात शिरूच नका, १६४ कडे वळा. खोटं सांगून १६६ लढवणं वाईट तर आहेच, शिवाय चौकातल्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं.

लोकअदालत की निकालापर्यंत

दावा लागल्यावरही तडजोडीचा रस्ता बंद होत नाही. लोकअदालतीत विमा कंपन्यांचे अधिकारी रक्कम ठरवायचे अधिकार घेऊन बसतात. काही मिनिटांत आकडा येतो. पैसे लवकर मिळतात, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणजे नंतर "कमीच मिळाले" म्हणून हळहळण्यापलीकडे काही उरत नाही.

जायचं की नाही? वाद फक्त रकमेचा असेल आणि वैद्यकीय चित्र स्पष्ट झालं असेल तर जरूर जावं. वर मांडला तसा हिशेब आधी कागदावर करून न्यावा, आपला किमान आकडा मनात पक्का ठेवावा, आणि तो वकिलाला आदल्या दिवशी सांगावा, तिथल्या गर्दीत नाही. अजून एखादं ऑपरेशन बाकी असेल तर मी जाणार नाही. महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींना, तसंच ठरावीक उत्पन्नाखालच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. खासगी वकील लावलात आणि त्याने "जे मिळेल त्यातले इतके टक्के" असं सांगितलं, तर तो करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही हे ठाऊक असू द्यावं. फी आकड्यात ठरवावी.

गाडी तुमची असेल तर

आतापर्यंत सायकलवाल्याच्या बाजूने बोललो. सीटबेल्टमागे बसलेल्याचेही प्रश्न आहेत. जखमीला दवाखान्यात नेणं, २४ तासांत पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला कळवणं ही कायद्याने तुमची कामं आहेत. "मी देतो सगळा खर्च" हे माणुसकीने ठीक, पण पॉलिसीची एक अट वाचली नसेल तर वाचा: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, पैशांचं वचन द्यायचं नाही. खिशातून दिलेले पन्नास हजार कंपनी परत देईलच असं नाही, आणि ते देऊनही जखमीचा दावा थांबतोच असं नाही. म्हणजे दोन्हीकडून गेले. तातडीची मदत करा, बिल थेट दवाखान्यात भरा, पावती ठेवा, आणि उरलेलं कंपनीवर सोपवा. लायसन्सची मुदत संपली असेल तर कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा तुमची चिंता वेगळी असायला हवी.

चूक सायकलवाल्याची आणि दार तुमचं चेपलेलं असेल तर? सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे त्याच्याकडून वसुलीसाठी हे न्यायाधिकरण उपयोगाचं नाही, दिवाणी कोर्टात जावं लागेल. स्वतःच्या पॉलिसीतून दुरुस्ती करून घेतलीत तर नो क्लेम बोनस जातो. दाराचं बिल आणि पुढच्या वर्षी हुकणारी सवलत यांची तुलना करा. पाच-सात हजारांचं काम असेल तर बहुतेकदा खिशातून करणंच स्वस्त पडतं. सुताराकडून वसूल करायची कल्पना मला तरी पटत नाही, पण ती तुमची मर्जी.

गाडी पळून गेली तर

नंबर मिळालाच नाही तर वरचं जवळजवळ सगळं बाद. सरकारी निधीतून मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५०,००० मिळतात. त्यासाठीही पोलिसांची नोंद आणि दवाखान्याचा कागद लागतो. अर्धवट नंबर, रंग, मागच्या काचेवरचं स्टिकर, जे आठवेल ते लगेच फोनमध्ये बोलून ठेवा. गाडी सापडली तर अडीच लाखांचा आणि त्यापुढचा रस्ता खुला होतो, त्यामुळे ५०,००० वर समाधान मानण्याआधी आसपासचे कॅमेरे धुंडाळायला हवेत.

आपला सुतार? त्याने नोटा घेतल्या नाहीत, नंबर प्लेटचा फोटो काढला आणि दवाखान्यात "गाडीने धडक दिली" असं सांगून एमएलसी करून घेतली. पहिला एक्स-रे स्वच्छ आला, ड्रायव्हरने फोनवर "बघ, उगाच ताणत होतास" म्हणून ऐकवलंही. बाराव्या दिवशी दुसऱ्या एक्स-रेत स्कॅफॉइडवर बारीक रेघ दिसली. आता हाताला प्लास्टर आहे. विमा कंपनीचा प्रस्ताव आला तर त्यावर प्लास्टर निघून मनगट फिरवून पाहिल्याशिवाय तो सही करणार नाही, आणि पाचव्या महिन्यातली एक तारीख त्याने कॅलेंडरवर आत्ताच लाल पेन्सिलीने गोल केली आहे.